तिसरा वार

तिसरा वार लागला, आणि बारक्याचा अंगठा बटणावरच थबकला.

तो वार लागायला नको होता. सहा वर्षांत ताईला तिसरा वार कधीही लागला नव्हता. पडद्यावर तिचा धिप्पाड कुऱ्हाडवाला एका गुडघ्यावर आला होता आणि बारक्याचा किडकिडीत सुरीवाला, चुकून परक्याच्या घरात शिरल्यासारखा, त्याच्यासमोर नुसता उभा होता. पुढच्या क्षणी कुऱ्हाड फिरली आणि सुरीवाला आडवा झाला.

हेडफोनमधून ताईचा आवाज आला, “काय रे, झोपलास का? समोर उभा राहून माझा फोटो काढत होतास?”

“नेटवर्क अडकलं वाटतं.”

“तुझंच अडकलं असेल. माझं ठणठणीत आहे. चल, पुढचा डाव.”

बारक्या चव्वेचाळीस वर्षांचा होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, मिशीत पांढरे केस आलेले, तरी घरातले नाव बारक्याच राहिले. कारण ते ताईने ठेवले होते आणि ताईने ठेवलेली वस्तू हलवण्याची त्या घरात रीत नव्हती. तो अकरा वर्षांचा असताना आईवडील गेले. चौदा वर्षांनी मोठ्या असलेल्या बहिणीने त्याला वाढवला, शिकवला, चार वेळा चोपला आणि एकदाच जवळ घेतला. ती इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका होती. बत्तीस वर्षे सर्जनच्या हातात अवजारे देत आली होती. त्याच्या गावापासून तिचे गाव बसने पाच तासांवर होते.

सहा वर्षांपूर्वी बारक्या लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. सात महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. कोणाशी बोलेना. तेव्हा ताईने एक खोके पाठवले. त्यात टीव्हीवर खेळायचा द्वंद्वाचा खेळ होता, कंट्रोलर होता आणि चिठ्ठीवर दोन ओळी होत्या: ‘दर रविवारी चार वाजता. मीही शिकते आहे, चुकवायचं नाही.’

तिने ढाल आणि दुधारी कुऱ्हाड निवडली. “चाकूसुऱ्या दिवसभर दुसऱ्याच्या हातात देतेय,” ती म्हणाली, “घरी तरी मला काहीतरी दणदणीत हवं.” बारक्याने जोडसुऱ्या घेतल्या. पलंगाला खिळलेल्या माणसाला सर्वांत आधी पळावेसे वाटते.

हलके शस्त्र हाती धरणाऱ्याला पहिले वर्षभर एकच भ्रम असतो: आपण चपळ आहोत, म्हणून आपण सारखे मारत सुटावे. असा माणूस तीन डाव टिकत नाही. सुरीच्या दहा वारांनी जे होते ते कुऱ्हाडीच्या तीन घावांत होते. घावाला घाव देत बसलात तर हिशेब तुमच्या विरुद्धच जाणार. वेग ही घाईसाठी दिलेली गोष्ट नव्हे. तो वाट पाहण्यासाठी असतो. कुऱ्हाडीच्या टप्प्याबाहेर एक पाऊल राहावे, डाव्या अंगाने फिरत राहावे, समोरच्याला चिडवावे आणि त्याची कुऱ्हाड हवेत फुकट जाऊ द्यावी. जड शस्त्र फुकट गेले की सावरायला वेळ लागतो. त्या वेळात शिरावे, दोन वार करावेत आणि निघावे. पडद्यावरची दमाची पट्टी कधीही पूर्ण रिकामी करू नये. एका उडीपुरता दम नेहमी राखावा. तिसऱ्या वाराचा मोह धरला की ढाल वर येते, सुरी तिच्यावर आपटते आणि मग कुऱ्हाड असते.

हे सारे बारक्याला ताईनेच मार देऊन शिकवले होते. तिची ढाल किती चटकन वर येते हे त्याला स्वतःच्या श्वासासारखे माहीत होते. दोन वार बसतील एवढीच ती फट. तीनदा त्याने हाव धरली होती आणि तिन्ही वेळा मेला होता. आणि आज फट रुंदावली होती.

पुढचे दोन रविवार त्याने खेळाकडे लक्षच दिले नाही. तो फक्त मोजत राहिला. नेटवर्क म्हणावे, तर ताईची कुऱ्हाड वेळेवर येत होती. वय म्हणावे, तर उजव्या अंगठ्याने मारायची उडीही वेळेवर होती. उशीर होत होता तो एकट्या ढालीला. ढालीचे बटण कंट्रोलरच्या वरच्या कडेला असते, डाव्या तर्जनीखाली.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी एका इमारतीत लिफ्टचे दार किंचित रेंगाळून बंद होत होते. रहिवाशांची तक्रारही नव्हती. तरी तासभर खपून त्याने ते नीट केले, पुन्हा पुन्हा उघडून-मिटून पाहिले आणि समाधान न होता घरी आला.

“पायाला चाकं लावलीत का?” बायको म्हणाली. “आल्यापासून या खोलीतून त्या खोलीत. बसा की एका जागी.”

“ताईचं बोट बिघडलंय.”

“त्या म्हणाल्या?”

“नाही. खेळताना कळलं.”

बायकोने हातातली कपड्यांची घडी बाजूला ठेवली. “लोकांना एक्स-रे लागतो, तुम्हाला सुऱ्या पुरल्या! अहो, मग विचारा ना त्यांना सरळ.”

“ताईला सरळ विचारतं का कोणी?”

“तुमच्या घराण्यात सरळ फक्त लिफ्ट जाते,” बायको म्हणाली. पण त्याचा चेहरा पाहून हसली मात्र नाही.

पुढच्या रविवारी त्याने एक चूक केली. ती प्रेमाची चूक होती, आणि अशा चुका सर्वांत लवकर पकडल्या जातात. त्याने जुना बारक्या व्हायचे ठरवले. कुऱ्हाड फुकट गेली की शिरायचा, दोन वार करायचा आणि फट उघडी दिसत असताना मागे सरायचा. पहिला डाव ताई जिंकली. दुसराही जिंकली. तिसऱ्या डावाच्या मध्यावर तिचा कुऱ्हाडवाला मैदानात मधोमध उभा राहिला आणि हलेनासा झाला.

“तिसरा का सोडतोस?”

“कुठला तिसरा?”

“बारक्या, मला मूर्ख समजू नकोस. पाच वेळा सोडलास. मी मोजलेत.”

“ढाल येईल म्हणून...”

“ढाल येत नव्हती. तुला दिसत होतं, येत नव्हती ते. मला भीक घालतोस?”

तो तोंड उघडेपर्यंत पडद्यावर एकच ओळ उरली होती: प्रतिस्पर्धी निघून गेला आहे.

त्या आठवड्यात ताईने फोन उचलला नाही. बारक्याने सात वेळा लावला. शनिवारी त्याने रजा सांगितली, रविवारी पहाटेची बस धरली आणि पाचही तास खिडकीच्या दांडीवर बोटे वाजवत राहिला. शेजारचा प्रवासी शेवटी म्हणाला, “भाऊ, तबला घरी विसरलात का?”

ताईने दार उघडले. कडक इस्त्रीचा पोशाख, ताठ मान, केसांचा घट्ट अंबाडा. तिने त्याला नखशिखान्त न्याहाळले.

“चार वाजायला अजून वेळ आहे.”

“खेळायला नाही आलो.”

“मग बूट बाहेर काढ आणि आत ये. पाय दुखतोय तुझा, लंगडतोयस.”

तिने चहा केला. बारक्या टेबलाशी बसून तिच्याकडे पाहत होता. तिने बरणीचे झाकण उजव्या हाताने फिरवले, बरणी मात्र कुशीत दाबून धरली. कप उचलताना डावी तर्जनी कपाच्या कानाला टेकली नाही. ती वेगळीच राहिली, जणू तिला कोणी बोलावलेच नव्हते.

“बघून झालं?” ताई पाठमोरीच म्हणाली.

“कधीपासून?”

ती वळली, आणि मग तिने कुऱ्हाड उचलली. बारक्याला तो आवाज लहानपणापासून ठाऊक होता.

“कधीपासून म्हणजे? चार महिने झाले. मग? तू माझा तपासनीस आहेस? एका बोटाचं ते काय एवढं! ट्रॉली मी उजवीकडे घेतलीय. सुई चिमट्यात धरताना टेबलाच्या कडेचा आधार घेते. एकाला तरी कळलं का? बत्तीस वर्षं काढलीत मी तिथे. सर्जन येतात नि जातात, त्यांना हात पुढे करायचा असतो एवढंच माहीत; त्या हातात काय द्यायचं ते मला माहीत असतं. त्यांनी मागायच्या आधी देते मी! निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. दोन वर्षं मी नऊ बोटांवर काढीन, कळलं? अरे, परवा चिमटा पडला माझ्या हातातून. चांगला खणकन वाजला. माझ्या हातून पडेल हे कोणाच्या मनातही आलं नाही. सर्जनला वाटलं, त्याच्याच हातून निसटला. तोच मला ‘सॉरी सिस्टर’ म्हणाला! समजलं? आणि तू, दोन सुऱ्या घेऊन उड्या मारणारा, मला शिकवायला आलास? तुझा पाय जोडून घ्यायला कोण उभं होतं रे टेबलाशी?”

“तू.”

“मग!”

बारक्या थांबला. तिचे बोलणे पूर्ण संपेपर्यंत, तिचा श्वास खाली बसेपर्यंत थांबला.

“चार महिने तू कोणाला दाखवलं नाहीस,” तो म्हणाला. “आणि टेबलावर माणूस झोपलेला असतो, ताई.”

एवढेच बोलून तो सवयीने मागे सरकला, खुर्ची खरोखरच वीतभर मागे गेली. आता ढाल यायला हवी होती. ढाल आली नाही. त्याने तिच्याकडे पाहिले. निघून जावे, बस धरावी, असे त्याला फार वाटले.

“तो सॉरी म्हणाला,” बारक्या म्हणाला, “आणि तू त्याला म्हणू दिलंस.”

ताई खाली बसली. तिने डावा हात टेबलावर पालथा ठेवला आणि तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा पाहिला. चहावर साय धरली.

“हा मारलास,” ती अखेर म्हणाली. “हा बरोबर मारलास.”

“ताई, मी...”

“आता रडून त्याची माती करू नकोस. मेट्रन उद्या आठला येतात. तू थांबणार आहेस की जाणार आहेस?”

“थांबतो.”

“मग अंथरूण तुझं तू घाल. मला चादर झटकता येत नाही सध्या.” हे वाक्य तिने भांडी विसळत, त्याच्याकडे न पाहता म्हटले.

सोमवारी आठ वाजता ती मेट्रनच्या खोलीत गेली. बारक्या बाहेरच्या बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. समोरून स्ट्रेचर गेले, बादल्या गेल्या, एक म्हातारा कोणाचा तरी चष्मा हातात घट्ट धरून गेला. वीस मिनिटांनी ताई बाहेर आली.

“सांगितलं सगळं. चिमट्याचंही. सर्जनलाही फोन लावायला लावला तिथूनच.”

“मग?”

“गुरुवारी मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे. तोवर स्टोअरमध्ये बसा म्हणाल्या, चादरी आणि टॉवेल. नंतरचं नंतर. पण थिएटर...” तिने हाताने हवेत एक रेघ ओढली.

“मी राहतो गुरुवारपर्यंत.”

“लिफ्टा बंद पडतील तुझ्या.”

“लोकांना चढू देत जिने.”

ती किंचित हसली. “चल थिएटरपर्यंत. कपाट रिकामं करून येते. दारासमोरच्या तांबड्या पट्टीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवते.”

बारक्या पट्टीपाशी उभा राहिला. थिएटरच्या झुलत्या दाराला गोल काच होती. थोड्याच वेळात ताईने दार अर्धे उघडून एक कापडी पिशवी त्याच्या हाती दिली. आत थिएटरमधल्या चपला, दोन टोप्या आणि चष्म्याची एक जुनी डबी होती. “आलेच,” म्हणून ती पुन्हा आत गेली.

काचेतून त्याला हात धुण्याचे लांब कुंड दिसत होते. ताई त्याच्यापाशी गेली. कोपराने तिने नळ उघडला. आधी नखे, मग तळवे, मग एकेक बोट, मग मनगट, मग कोपरापर्यंत. डाव्या तर्जनीलाही तिने इतर नऊ बोटांइतकाच वेळ दिला, कमी नाही, जास्त नाही. त्या धुण्यात कसलीही घाई नव्हती. एक तरुण परिचारिका लगबगीने पुढे आली आणि तिने सवयीने हिरवा झगा उघडून धरला. तिला अजून कोणी काही सांगितले नव्हते. ताईने मान हलवली. मुलगी गोंधळली, झगा छातीशी धरून क्षणभर उभी राहिली आणि आत गेली.

ऑपरेशनसाठी असे धुतलेले हात छातीसमोर उंच धरायचे असतात आणि कशालाही लावायचे नसतात. दारसुद्धा पाठीने लोटायचे. ताई हात उंच धरून दारापर्यंत आली आणि बत्तीस वर्षांच्या शिस्तीने तिने दाराकडे पाठ केली. काचेतून बारक्याला तिचा अंबाडा दिसला आणि कोपरांवरून खाली ठिबकणारे पाणी.

ती तशीच उभी राहिली. मग सावकाश वळली, समोर पाहिले आणि दोन्ही ओले तळवे दारावर टेकवून तिने ते ढकलले.