कराळदंताचा दसरा

“समोरच्यानं तुझं नाव घेतलं की हात जिथं असेल तिथं थांबव. मग डायरेक्टर ओरडो, नाहीतर आभाळ कोसळो.”

रावसाहेब उस्तादांनी हे सांगितलं त्याला अकरा वर्षं झाली. उस्ताद गेले त्यालाही आता तीन वर्षं होतील. पण तलवारीला हात घालण्याआधी भाग्यश्रीच्या कानात तो खरखरीत आवाज उमटायचाच. उस्तादांचं म्हणणं साधं होतं. लढाईच्या शॉटमध्ये राक्षस ‘थांब’ म्हणतो, ‘दया कर’ म्हणतो, ‘मेलो’ म्हणून बोंबलतो. ते सगळं संवादात लिहिलेलं असतं. माणसाचं खरं नाव मात्र कुठल्याच संवादात नसतं.

खराडीच्या पुढे, आयटीच्या काचेच्या इमारती संपतात तिथे एका मोठ्या गोदामात ‘सप्तगडांची स्वामिनी’ या मालिकेचा सेट होता. स्वामिनीचं काम शेफाली करायची. ती पडद्यावर दिसायची, हसायची, रडायची. लढायची वेळ आली की तिचाच मुकुट आणि तिचंच चिलखत चढवून भाग्यश्री उभी राहायची, चेहरा कॅमेऱ्याला न दाखवता. आणि समोर मरायला बुद्धभूषण.

बुद्धभूषण नागपूरकडचा, कुही तालुक्यातला. सहा फूट उंच, आवाज मात्र मऊ. मालिकेला सण आला की विशेष भाग, आणि विशेष भाग म्हटला की एक राक्षस मरायलाच हवा. संक्रांतीला त्याचा गळा मांजाने कापला जायचा, होळीला तो धगधगत्या लाकडांवर पडायचा, दिवाळीला चक्राने दोन तुकडे. दसऱ्याला तलवार ठरलेली; यंदाच्या राक्षसाचं नाव कराळदंत.

“पाच वर्षं झाली ताई,” त्या दिवशी सकाळी तोंडाला काळा रंग लावून घेता घेता तो म्हणाला, “दर दसऱ्याला तू मला मारतेस अन् माझी आई तिकडे दीक्षाभूमीला जायचं म्हणून वाट पाहत बसते. गुडघे गेले तिचे. त्या गर्दीत कोणाच्या खांद्यावर हात ठेवल्याबिगर तिला चालता येत नाही. अन् खांदा इथे मरून पडलेला.”

“आणि यंदा?”

“यंदा सातची बस आहे. पियुष सरांना बजावून ठेवलंय, चारच्या आत मला मारा. शेजाऱ्यांची जीप तिला सकाळी नागपूरच्या स्टँडवर सोडणार आहे. म्हणते, ‘भूषण, पुढच्या साली मी राहीन का नाही, ठाऊक नाही.’ वचन दिलंय तिला.”

भाग्यश्रीने मान हलवली. नवरात्राचे नऊही दिवस ती फक्त दूध आणि एखादं फळ घेई. चप्पल पहिल्या माळेलाच कोपऱ्यात ठेवलेली. विश्रांतवाडीच्या घरी घट बसलेला, अखंड दिवा लावलेला. सासूबाई दिवसा वातीकडे लक्ष देत, रात्री ही देई. सेटवर कुणी कौतुक केलं तर ती एवढंच म्हणायची, “माझं आपलं असतं काहीतरी.”

त्या दिवशी खंडेनवमी होती. सेटवरची सगळी शस्त्रं पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडून त्यांची पूजा व्हायची. हे काम सोनबांचं. सोनबा प्रॉपर्टी सांभाळायचे. तलवारी, गदा, भाले, ढाली, सगळं फायबरचं. शॉटच्या आधी प्रत्येक शस्त्रावरून स्वतःचा अंगठा फिरवल्याशिवाय त्यांनी एकही वस्तू कधी कुणाच्या हाती दिली नव्हती. पण खंडेनवमीला पूजलेलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. पूजा झाली की ते त्या चादरीपासून दोन हात लांबच राहात.

गोदामाचे मालक सर्जेराव. शहर यायच्या आधी इथे त्यांची शेती होती. त्यांच्या आजोबांची खरी तलवार दरवर्षी या पूजेत ठेवली जायची, ओळीच्या डाव्या टोकाला. स्वामिनीची तलवार बनवताना नमुना म्हणून तीच समोर ठेवली होती. मूठ, वळण, पात्याची लांबी, सगळं हुबेहूब. यंदा आरती सुरू व्हायच्या बेतात सर्जेराव आले. सोनबा नैवेद्याचं ताट आणायला आत गेले होते. “आमची तलवार कडंला का? मधी ठेवायची,” असं स्वतःशीच म्हणत त्यांनी फायबरची तलवार बाजूला सारली, आपली देवीच्या पुढ्यात मधोमध ठेवली, आणि आरती होताच जेवायला निघून गेले. पूजेला बोथट पातं ठेवू नये म्हणून यंदा त्यांनी तिला धार लावून आणली होती.

अकरा वाजता पियुषने घड्याळ पाहिलं. हा तिशीतला दिग्दर्शक, आवाज कधी चढवायचा नाही, पण शब्द असे टाकायचा की समोरच्याने ते उचलून घरी न्यावेत.

“सोनबा, भाग उद्या आठ वाजता दाखवायचाय. देवीला विचारून घ्या, की चॅनेलला मी कळवू, तलवार रजेवर आहे म्हणून?”

“मी हात लावणार नाही साहेब. बाकी आपली मर्जी.”

“तुम्ही नका लावू. भाग्यश्रीताई उचलतील. देवीशी त्यांची ओळख बरी आहे.”

सोनबांनी लांबूनच हात जोडले. “मधली तुमची, बाई. माफी मागून उचला.”

भाग्यश्री गुडघ्यांवर बसली. पात्यावर हळदीचा जाड लेप होता, मुठीला लाल नाडा, वर झेंडूची माळ. तिने डोळे मिटून क्षमा मागितली आणि तलवार उचलली. मनगट खाली गेलं. जड लागली. नऊ दिवसांचा उपास आहे, तिला वाटलं, अंगात त्राण कुठून असणार. मागच्या वर्षीही नवव्या दिवशी मुकुट जड झाला होताच. आशीर्वाद म्हणून लेप तसाच राहू द्या, कॅमेऱ्यात छान दिसतो, असं पियुष म्हणाला आणि ते पटण्यासारखं होतं.

लढाई बावीस वारांची. दोघांना पाठ.

पहिले सहा वार हवेतले. सातव्याला बुद्धभूषणने गदा आडवी धरली आणि तलवार तिच्यावर आदळली. रोज ‘टक’ असा पोकळ आवाज यायचा. आज गदेचा गोळा अर्धा चिरला गेला आणि त्यातून पांढरा भुसा उडाला.

“सुंदर,” पियुषचा आवाज आला. “थांबू नका.”

भाग्यश्रीचं अंग वारांच्या ओघात होतं. अकरा वर्षांत हात डोक्याच्या पुढे धावायला शिकलेला. आठवा वार गुडघ्यापाशी, तो त्याने उडी मारून चुकवला. नववा त्याच्या डाव्या खांद्यावर यायचा होता. तिथे रेक्झिनच्या चिलखताखाली लाल रंगाची पिशवी होती, ती फुटायची होती. पण चिरलेली गदा पाहून त्याला काहीतरी उमगलं असावं. ठरलेलं सोडून त्याने डावा हात वर घेतला.

पातं कोपराखाली बसलं. ओल्या फांदीवर कोयता बसावा तसा आवाज आला. मूठ तिच्या तळव्यात थरथरली, आणि तलवार अडकली. ती ओढून काढावी लागली. ओढली तसं रक्त उसळून तिच्या गालावर, मुकुटावर, झेंडूच्या पाकळ्यांवर आलं. बुद्धभूषण ओरडला. कराळदंत ओरडतो तसंच ते होतं; सेटवरच्या चाळीस माणसांपैकी एकालाही वेगळं वाटलं नाही. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

तो गुडघ्यावर आला. दहावा वार मानेवर होता. तिचे दोन्ही हात डोक्यावर गेलेले, तलवार खाली यायला निघालेली.

“भाग्यश्री.”

हळूच म्हणाला तो. ताई नाही, नुसतं नाव.

हात जिथे होता तिथे थांबला. पातं त्याच्या मानेपासून वीतभर वर. त्यावरची हळद रक्तात कालवून त्याच्या खांद्यावर ठिबकत होती. तिने खाली पाहिलं. उघड्या पडलेल्या मांसात पांढरं हाड दिसत होतं. रंगाची पिशवी चिलखताखाली तशीच शाबूत.

“थांबलात का?” पियुष पुढे आला, आणि चार पावलांवर थबकला.

भाग्यश्रीने कमरेचा शेला सोडला, त्याच्या दंडाला करकचून आवळला. मेकअप करणारी अक्षता धावली, तिने जखमेवर टॉवेल दाबला. टॉवेल बघता बघता भरला. “दुसरा आण,” भाग्यश्री म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

गलका ऐकून सर्जेराव हात न धुताच आले. त्यांनी जमिनीवरची तलवार पाहिली.

“माझ्या आज्याची तलवार हाय ती. कुणी उचलली?” आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी सोनबांच्या कानाखाली वाजवली. टोपी उडाली. दुसरी बसली तसे सोनबा चादरीवर कोसळले, भाले-ढाली खडखडत विखुरल्या. “नवमीला बाटवली,” म्हणत सर्जेरावांनी त्यांच्या बरगडीत लाथ घातली. सोनबा हात आडवासुद्धा धरत नव्हते. “मी अंगठा फिरवला नाही,” एवढंच पुटपुटत होते.

भाग्यश्री उठली. सर्जेरावांचा पुन्हा उगारलेला हात तिने मनगटात धरला आणि उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे बाहेरच्या बाजूला पिळला. दोन मणांचा माणूस वाकत वाकत गुडघ्यावर आला. हाड वाजायच्या आत तिने पिळणं थांबवलं, पण सोडलं नाही.

“उचलली मी. मधे ठेवली तुम्ही. मारामारी मागाहून करू. आधी गाडी काढा.”

सर्जेरावांनी तिच्या रक्ताळलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि खिशातली किल्ली काढली.

हॉस्पिटलात हवालदार आले. “माझ्या हातून झालं,” तिने सांगितलं. “चुकून झालं,” बुद्धभूषण स्ट्रेचरवरून म्हणाला. दोन्ही वाक्यं लिहून, तिचा फोन नंबर घेऊन हवालदार गेले. डॉक्टर म्हणाले, दोन शिरा, तीन स्नायूबंध. बोटं किती चालतील ते महिन्याने कळेल, आधी जीव वाचवू.

पियुष दारात उभा होता. “तो नववा वार... ठेवू की काढू? चॅनेलवाले विचारतायत.”

“काढा,” बुद्धभूषण म्हणाला. “आई रिपीटला पाहते.”

आत नेण्याआधी त्याने भाग्यश्रीला फोन लावायला सांगितला. उजव्या हाताने कानाशी धरला.

“आई, हाताला लागलं. टाके घालून राहिले. ...नाही वो, पडलो नाही. मी नाही येऊ शकत... रडू नको ना. ऐक. भाग्यश्रीताई येते माझ्या जागी.” हे म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं. विचारण्याची ही त्याची रीत.

भाग्यश्रीच्या डोळ्यांसमोर घट आला. उद्या तो हलवायचा, नऊ दिवसांचा उपास सोडायचा. एकवीस वर्षांत एकदाही हे तिच्यावाचून झालं नव्हतं. तिने मान डोलावली.

फोनमधून म्हातारीचा आवाज बाहेरपर्यंत आला. “कोन थे? तुले दरसाली मारते थेच का?”

“थेच.”

“मंग येऊ दे. तिले म्हना, मले नीट धरजो. अन् दर्शन झालं का मी सरळ पुन्याले येतो, तुयं ऐकनार नाही.”

“घेऊन येईन त्यांना,” भाग्यश्री म्हणाली. “आधी दीक्षाभूमी, मग इथे. शब्द देते.”

मुकुट-चिलखत उतरवून, स्वतःच्या साडीत ती चार तास बाहेरच्या बाकावर बसून राहिली. जपमाळ घरी होती, म्हणून बोटांच्या पेरांवर मोजत होती. नखांतली हळद निघत नव्हती, त्यामागचं लालही. जप मधेच तुटायचा. हात थांबला, हे ती मनाशी म्हणायची. आणि लगेच आठवायचं की तो दहाव्याला थांबला. नववा बसला होता.

सव्वासहाला डॉक्टरांनी सांगितलं, हात राहिला. भाग्यश्रीने विश्रांतवाडीला फोन लावला.

“अहो आई, मी आज येत नाही. नागपूरला जातेय.” आणि तिने सगळं सांगितलं, काहीही न वगळता.

“घट मी हलवेन,” सासूबाई म्हणाल्या. “दिव्याचंही बघते. उपास कुठे सोडणार आहेस, ढाब्यावर?”

“बुद्धभूषणच्या आईंनी डबा आणला असेल. त्यातलंच खाईन.”

“बरं. पाय धुऊन जा. रक्त असेल.”

बुद्धभूषण अजून गुंगीत होता. उशाशी सोनबा बसले होते, एक गाल सुजलेला. ते उठायला लागले, तिने खुणेनेच बसवलं. बसचं तिकीट त्याच्या फोनवर होतं, ते तिने आपल्या फोनवर घेतलं. कोपऱ्यातल्या बेसिनवर एक एक पाय वर घेऊन तिने धुतला, पदराने पुसला.

मग ती जिना उतरली आणि नगर रस्त्याच्या कडेने, अनवाणी, बस थांबते त्या बाजूला चालू लागली.