पुडीवरची बाई

उल्काचा गोडा मसाला परदेशातल्या ओंगार गावात, शनिवारच्या बाजारात, हातोहात खपायचा. अडलं होतं ते फक्त लेबलावर. नवऱ्याने, उपेंद्रने, एका डच संग्रहालयाच्या साइटवरून तंबाखूच्या पुडीवरचं तीनशे वर्षांपूर्वीचं छापील चित्र शोधून दिलं. मागे गलबत, पुढे पिंप, आणि पिंपाशी उभी एक काळी बाई; कमरेला पानांचा घागरा, तोंडात चिलीम. खाली माहितीही होती: गलबत म्हणजे लांबचा माल, पानं म्हणजे मळा, आणि बाई म्हणजे मळ्यावरची गुलाम. उल्काने ती नीट वाचली. वाचून शहाणीने काय केलं, तर चिलीम पुसली. खाण्याच्या वस्तूवर तंबाखू? सासूबाई काय म्हणतील! बाई तशीच ठेवली. चित्र सुरेख होतं, आणि एवढं बघतंय कोण?

बघितलं फुन्मीने. फुन्मी शेजारीण, मूळची नायजेरियाची; दर शनिवारी बाजारात उल्काच्या स्टॉलवर उभी राहायची, तेही निव्वळ मैत्रीखातर. लेबलं चिकटवायला स्वयंपाकघरात बसली आणि पहिलंच हातात घेऊन थबकली.

"अगं, तू मला पुडीवर घातलंस?" तिचा चेहरा उजळला. "घागरा जरा कैच्या कै आहे, पण ग्रँड! आईला फोटो पाठवते."

नुसतं "हो" म्हटलं असतं तरी उल्का सुटली असती. "चहा टाकते," म्हणत तिने पाठ फिरवली. लाजेने कान तापले होते. ती चिलीम आपण किती जपून पुसली ते आठवलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"फुन्मी, नको पाठवूस. ती तू नाहीस."

"पाठवला पण. मग कोण आहे?"

उल्काने सगळं सांगितलं. तंबाखू, मळा, गुलामी. आणि हे सगळं आपण आधीच वाचलं होतं, हेही. फुन्मी लेबलाकडे बघत ऐकत राहिली.

"नाव काय हिचं?"

"नाव नाही. कुणा खऱ्या बाईला बघून काढलेलीच नाही. माल लांबून आलाय, एवढं गिऱ्हाइकाला कळावं म्हणून उभी केलीय."

फुन्मीने लेबल टेबलावर ठेवलं.

"आणि मला शनिवारी कशाला उभी करतेस, उल्का?"

मैत्रीण आहेस म्हणून, हे उत्तर उल्काकडे होतं आणि ते खरंही होतं. पण ते सांगायला तिला तोंड उरलं नव्हतं.