सासरची डोना इझाबेल

जॉयसला सासरी पहिला टोमणा मिळाला तो एका चित्रावरून. वसईत पोर्तुगीज होते तेव्हाची, सतराशे वीसच्या सुमाराची डोना इझाबेल. नवऱ्याच्या घराण्याची कितव्या तरी पिढीची खापरपणजी, चित्रात दुधासारखी गोरी. "हिच्या घरात ही काळी सून कुठून आली?" असं लग्नाच्या मांडवातच कुणीतरी म्हणालं होतं. पुढे नवरा-बायको कॅनडाला गेली, तसं चित्र मिसिसागातल्या घराच्या बेसमेंटमध्ये आलं आणि टोमणाही पाठोपाठ आला.

कॅनडाच्या स्थापनेच्या दीडशेव्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये ज्यानं त्यानं आपले पूर्वज मांडायचे ठरले. चित्राला ओलीनं बुरशी आली होती, म्हणून तिच्या नवऱ्यानं, डेनिसनं, ते साफ करायला दिलं. उजळायला दिलेली बाई काळीसावळी होऊन परत आली! गोरा थर कुणा साहेबी खुळाच्या पणजोबानं मागाहून चढवून घेतला होता. खालून निघाली ती रुंद नाकाची, लाल लुगड्यातली, अनवाणी वसईकरीण. नजर अशी करारी, की चितारीही दबकला असावा.

डेनिसची धाकटी बहीण सुझान, तिनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! आपण सगळ्यांना पोर्तुगीज ब्लड सांगितलंय. डेनिस, टच-अप करून घे. जस्ट द फेस."

डेनिसनं चित्र साफ करणाऱ्याला लावायला फोन उचलला. जॉयस चित्रापुढे जाऊन उभी राहिली.

"हात तर लावून बघा! मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज गलबतांत बसून चालते झाले. ही कुठं गेली? शेत राखलं, चर्च राखलं, म्हणून तुम्ही आहात. आडनाव त्यांनी दिलं असेल, पोरं हिनं वाढवली."

"वहिनी, यू आर ओव्हररिअ‍ॅक्टिंग."

"इतकी वर्षं गप्प बसले, ते पुरे झालं."

तिला भयंकर राग आला होता आणि त्याची तिळमात्र लाज वाटत नव्हती. डेनिसनं फोन खाली ठेवला. चित्र तिनं स्वतःच गाडीत चढवलं.

हॉलमध्ये एक म्हातारी चित्रापुढे थबकली. एकदा चित्राकडे, एकदा जॉयसकडे बघून म्हणाली, "तोंडवळा तुझाच गं. माहेरची का तुझ्या?"

"छे हो आजी, सासरची! मी नुसती सून. हिच्या रक्ताची ती बघा, समोशांच्या टेबलामागे लपलीय." आणि जॉयसनं खणखणीत हाक मारली, "सुझान, ये गं! तुझी खापरपणजी कधीची वाट बघतेय."

सगळा हॉल वळून सुझानकडे बघू लागला.