तिसऱ्या रिळातले हसू

मित्रांनो, समोरच्या पाटीवर 'हात लावू नये' असे लिहिले आहे, पण तुम्ही खुशाल लावा. मी एक जुना प्रोजेक्टर आहे. मला आता काय होणार? चित्रपट-संग्रहालयाच्या या व्हरांड्यात मी उभा असतो आणि येणारेजाणारे माझ्यावर ओल्या छत्र्या टेकवतात.

कारखान्यातून मी आणि माझा जुळा भाऊ एकाच ट्रकमधून एका मोठ्या थिएटरात आलो. तेव्हा चित्रपट डब्यांतून यायचा. एका डब्यात एक रीळ. एक रीळ माझ्यावर संपत आले की पुढचे भावावर सुरू व्हायचे. आम्हाला चालवायचे ते ऑपरेटरकाका. सकाळी आल्या आल्या ते मऊ फडक्याने माझी काच पुसायचे. थिएटर भरले की लोक पडद्याचे कौतुक करायचे, आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. पण काका पाठीवर थाप मारायचे, तेवढ्यावर आमचे भागायचे.

एकदा एक राजकीय कटाचा चित्रपट आला. एक मोठा नेता मरतो. झोपेत गेला, असे जाहीर होते. त्याच्या कचेरीतल्या टंकलेखकाला मात्र हळूहळू संशय येऊ लागतो. मारामारी नाही, पाठलाग नाही. दारे बंद होतात, फोन एकदाच वाजून थांबतो, कोणीतरी बोलता बोलता गप्प होते. मी लोखंडाचा, तरी मला धडकी भरायची.

टंकलेखक झाला होता एक विनोदी नट. त्याच्या हसण्यावर लोक फिदा होते. तिसऱ्या रिळात तो आपल्या जिवलग मित्राबरोबर चहा पीत बसतो. मित्र सहज बोलून जातो, "त्या वळणावर रस्ता निसरडाच आहे." वळणाची गोष्ट तोवर कोणी काढलेलीच नसते. टंकलेखकाला कळून चुकते की नेत्याला गाडीत मारले आणि यात मित्राचा हात आहे. मित्र त्याच्याकडे रोखून पाहत असतो. आपल्याला कळले हे त्याला दिसले, तर आपलीही खैर नाही. म्हणून टंकलेखक हसतो. तेच लोकांचे लाडके, गडगडाटी हसू. फक्त डोळे हसत नाहीत. ते हसू बराच वेळ चालते आणि त्या वेळात माणूस आतून म्हातारा होतो. इतका मोठा अभिनय पुन्हा माझ्यातून गेला नाही.

पण लोक विनोद पाहायला आले होते. त्या रिळात खुर्च्या खडखडू लागल्या. मालक जिना चढून वर आले.

"काका, तिसरं गाळा. नुसते दोघं चहा पीत बसलेत."

"मालक, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही."

"कळून काय करायचंय? गाळा म्हणतो ना."

आमच्या धंद्यात हे सर्रास चालायचे. काकांनी दुसऱ्यानंतर थेट चौथे लावले. आता टंकलेखक मित्राच्या हातचा चहा टाळतो, दचकतो, दाराला कडी घालतो. का, ते प्रेक्षकांना ठाऊकच नाही. आपला विनोदी नट उगाच घाबरतोय असे वाटून ते खो खो हसले. शेवटी त्याला गाडीत घालून त्याच वळणाकडे नेतात, तेव्हा तर शिट्ट्या वाजल्या.

त्या दिवशी तो नट मागच्या रांगेत बसला होता. खेळ संपल्यावर तो आमच्या खोलीत आला.

"तिसरं कुठंय?"

काकांनी मान खाली घातली. "मालकांनी गाळायला लावलं, साहेब."

तो स्टुलावर बसला. "आयुष्यभर लोकांना हसवलं. आज पहिल्यांदा ते हसणं लागलं बघा." मग हळूच म्हणाला, "एकदा लावाल? पडद्यावर मी ते पाहिलेलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या थिएटरात काकांनी ते माझ्यावर लावले. त्याने एकट्याने पाहिले. जाताना काकांचे हात धरून म्हणाला, "एवढं सांभाळा."

चित्रपट आठवडाभरही टिकला नाही. तशी भूमिका त्याला परत कोणी दिली नाही. बाकीचे डबे परत गेले. तिसरा काकांनी ठेवून घेतला, कोणी फेकून देऊ नये म्हणून. डोळ्यांसमोर असावा म्हणून माझ्याच वरच्या फळीवर ठेवला. माझी गरम हवा वर्षानुवर्षे तिथेच जायची. उष्णतेने रीळ खराब होते, हे जीव लावणाऱ्या माणसाला सुचले नाही आणि मला बोलता येत नव्हते.

नवी यंत्रे आली. भाऊ भंगारात गेला. पुढे थिएटरही बंद पडले आणि मला या संग्रहालयात आणून ठेवले. नट वारल्यावर त्याची मुलगी काकांना शोधत आली. त्या चित्रपटाची दुसरी प्रत उरली नव्हती. या एकाच प्रतीची बाकीची रिळे संग्रहालयाला मिळाली होती. काकांनी डबा इथे आणला आणि मोठ्या उमेदीने उघडला. आंबट, झोंबरा वास आला. आत रिळाचा चिकटून एक गोळा झाला होता.

"बाबा म्हणायचे, काकांकडे आहे, काळजी नाही," एवढेच ती बोलली.

काल इथल्या सभागृहात तो चित्रपट दाखवला. तिसऱ्या रिळाच्या जागी तेवढाच वेळ पडदा काळा ठेवला. काका आत बसू शकले नाहीत. ते बाहेर येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. मागोमाग मुलगी आली.

"काका, ते पाहिलेले आता तुम्हीच उरलात. कसे हसले होते हो बाबा?"

काकांनी सांगायला तोंड उघडले. दोनदा प्रयत्न केला. मग माझ्या झाकणावर हात टेकून ते म्हणाले, "नाही जमत गं, पोरी."

मित्रांनो, एखादी गोष्ट संथ चालली म्हणून लगेच उठू नका. आणि जे जपायचे ते नुसते जवळ ठेवून भागत नाही. ते कशाने खराब होते, हे वेळेवर विचारून घ्या. ते हसू माझ्यातूनच पडद्यावर गेले होते, पण माझ्यापाशी त्यातले काहीच राहिले नाही. ती पोर काल माझ्या काचेत वाकून किती वेळ पाहत होती.