प्रार्थनेला बसला की न उठणारा कम्प्युटर

संध्याकाळी शंख वाजला की सामोआच्या सवाई बेटावरचं ते गाव जागच्या जागी थांबायचं. दोन दणकट गडी रस्त्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचे, घरोघरी मंडळी चटईवर बसायची आणि प्रार्थना सुरू व्हायची. लेउतेचा कम्प्युटरही थांबायचा. फरक इतकाच, की दुसऱ्या शंखाला गाव उठायचं आणि कम्प्युटर उठायचा नाही. पंखा फिरतोय, पडदा काळा. माउस हलवा, कळा बडवा, ढिम्म नाही.

"या घरात खरा भाविक तेवढा एकच," लेउतेचे वडील, आपेलु, म्हणायचे. "बाकीचे डोळे किलकिले करून अळूच्या पातेल्याकडे बघत असतात."

"बाबा, तुम्हाला कसं कळलं? डोळे मिटलेले होते ना तुमचे?" लेउते विचारायची.

घर हसायचं. लेउतेही हसायची, पण आतून तिचा जीव टांगणीला लागला होता. येत्या रविवारी आपेलुंची थोरली बहीण, सिनापाती आत्या, नव्वद वर्षं पुरी करणार होती. आत्या आता ऑकलंडला मुलाकडे असायची. गावच्या चर्चचा गानमेळा तिनंच उभा केला होता. आज मेळ्याला सूर देणाऱ्या आपेलुंच्या कानाला सूर दाखवला तोही तिनंच. वाढदिवसाला तिनं एकच मागणं मागितलं होतं: माझ्या चाळीस माणसांचं गाणं मला ऐकवा.

गेल्या वर्षी मोबाइलवरून ऐकवलं होतं. "डब्यात खेकडे कोंडल्यासारखं वाजतंय रे," म्हणाली आणि रडली. 

म्हणून शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या लेउतेनं हे मशीन स्वतः जोडलं. बाहेरचं खोकं भावानं ऑकलंडहून पाठवलेलं, प्रोसेसर राजधानी आपियाच्या दुकानातला अगदी नवा, आत वीज पुरवणारा पॉवर सप्लाय शाळेनं मोडीत काढलेल्या जुन्या मशीनमधला. त्याला दोन चांगले मायक्रोफोन. तालमीला तासन् तास गाणं रेकॉर्ड केलं तरी हा गडी कधी कुरकुरला नाही. पण आत्या दुपारची डुलकी काढून उठली की ऑकलंडहून फोन या मशीनवरच येणार होता. नव्वदीतली डुलकी, कधी संपेल कोण सांगणार? तोवर मशीननं नुसतं वाट बघत बसायचं होतं. नेमकं तेवढंच त्याला जमत नव्हतं.

लेउतेनं पडदा झोपण्याची सेटिंग बंद केली. मेमरीच्या पट्ट्या बदलून पाहिल्या. प्रोसेसरला थंड ठेवणारा लेप पुसून नवा लावला. सगळी सिस्टिम पुसून पुन्हा टाकली. शुक्रवारी संध्याकाळी शंख वाजला, आणि स्वारी पुन्हा समाधीत!

शनिवारी सकाळी तिचा नवरा सेकुइनी बस धुऊन घरात आला. बस लाकडी, रंगीबेरंगी, आणि त्याची लाडकी. मशीन पुन्हा उघडं पडलेलं पाहून तो म्हणाला, "सोपं आहे. रविवारभर मी माउस हलवत बसतो."

"आजारी माणसाला गदगदा हलवत ठेवणं म्हणजे औषध झालं का? त्याला काय होतंय ते कळायला हवं मला."

"गाताना कधी बंद पडलं?"

"कधीच नाही."

"मग माझ्या बसचंच दुखणं दिसतंय. पन्नास माणसं, वर टपावर डुकरं, तरी चढणीला कधी बंद पडली का? पडायची ती फणसाच्या झाडाखाली, माणसांची वाट बघत उभी असताना. जोर लावताना नाही, उसंत मिळाली की मरायची."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? आयडलिंग जरा वाढवलं. उभ्या उभ्या पोटात डिझेल थोडं जास्त पडू दिलं."

लेउतेच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. इतके दिवस ती मशीन काय करताना बिघडतं ते शोधत होती, आणि ते तर काहीच न करताना बिघडत होतं! नवा प्रोसेसर मोठा काटकसरी. काम संपलं की इतका गाढ झोपायचा, की वीज जवळपास घेतच नव्हता. जुन्या पॉवर सप्लायला इतकी थोडकी वीज नीट वाढायची सवयच नव्हती. त्या ओढाताणीत सगळंच गोठायचं.

तिनं मशीन बंद केलं, पुन्हा चालू करताना कळ दाबून धरली आणि आतल्या सेटिंगांची यादी उघडली. चौथ्या पानावर, एका कोपऱ्यात, ते सापडलं: काम नसताना वीज कमीत कमी घ्यावी की नेहमीसारखी? तिनं 'नेहमीसारखी' निवडलं. एका ओळीचा बदल.

"झालं?" सेकुइनीनं विचारलं.

"आता परीक्षा. कुणी हात लावायचा नाही, कुणी जवळ जायचं नाही. बाबा, आज प्रार्थना जरा लांबवाल?"

आपेलुंचा चेहरा असा फुलला, की जणू नव्वदावा वाढदिवस त्यांचाच. "आजवर या घरात मला कुणी असं म्हटलं नव्हतं," ते म्हणाले.

शंख वाजला. आपेलुंनी पूर्वजांपासून सुरुवात केली, सगळ्या बेटांसाठी मागणं मागितलं, मासे, पाऊस, सरकार, शेजाऱ्याचा गुडघा, कुणालाही सोडलं नाही. दुसरा शंख होऊन गेला तरी ते चालूच. सेकुइनीच्या पोटानं मोठ्यानं 'आमेन' म्हटलं तेव्हा कुठे थांबले.

लेउते गुडघ्यांवरच सरकत गेली. माउसला बोट लावलं. बाण टुणकन हलला.

"उठला!" ती ओरडली, आणि बाहेरच्या अडवणाऱ्या गड्यांनीही टाळ्या पिटल्या.

रविवारी जेवणं आटोपून चाळीस जण पांढऱ्या कपड्यांत, चर्चमध्ये आणून मांडलेल्या मशीनसमोर बसले. एक तास गेला. दीड झाला. कुणी पंख्यानं वारा घेत होतं, कुणी पेंगत होतं. मशीनही डुलकी घेत असावं, पण हाकेला ओ देण्याइतकं जागं. पावणेचारला घंटी खणखणली आणि पडद्यावर पांढरे केस, फुलांची माळ आणि कानामागे धरलेला एक हात दिसला.

"आहात का रे सगळे?"

आपेलु मेळ्यासमोर उभे राहिले. त्यांनी हात उचलला. खालचे आवाज समुद्राच्या तळातून यावेत तसे उठले, त्यांच्यावर बायकांचे आवाज चढले, आणि छपराखालची पाखरं उडाली. कुणी देवाला शब्दांनी बोलावतं, ही मंडळी छातीनं बोलावतात. तीन कडवी झाली, गाणं संपलं.

ऑकलंडहून काहीच आलं नाही. पडद्यावर आत्या निश्चल. हात तसाच कानामागे.

लेउते मशीनकडे धावली. गोठलं पुन्हा! तिनं माउसकडे हात नेला.

"दुसऱ्या कडव्यात," आत्याचा आवाज आला, "खालचे आवाज घसरतात. प्रत्येकाचा श्वास न् श्वास ऐकू येतोय मला. आपेलु, परत घे. या वेळी मीही म्हणते."

चाळीस माणसं एकदम हसली. चौऱ्याहत्तर वर्षांचे आपेलु मान खाली घालून, डोळे पुसत, शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "हो अक्का," आणि त्यांनी पुन्हा हात उचलला.