डावा कळा

महिपत गुरवाने कौलासाठी पाण्यात भिजवलेल्या फुलपाकळ्यांमधला दुसरा कळा उचलला आणि सोमजाईदेवीच्या मूर्तीच्या डाव्या खांद्यावर अंगठ्याने दाबून बसवला. उजव्या खांद्यावरचा आधीच बसला होता. तो मागे सरला. गाभाऱ्याबाहेर सगळी वाडी उभी होती. एरवी देवळाच्या पायरीवरही विड्या ओढणारे आज हात जोडून होते.

गाऱ्हाणं घालून झालं होतं. प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र कुणालाच सुचत नव्हतं. गेल्या वर्षी भर समुद्रात कंपनीची तेलाची विहीर फुटली. किनाऱ्याला डांबराचे गोळे लागले, जाळी काळी झाली, आणि बायका पाट्या घेऊन पार भाट्ये गावापर्यंत हिंडल्या तरी मासळीला रॉकेलचा वास येतो म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जाई. आता तीच कंपनी वाडीच्या समोरच्या पाण्यात नव्या विहिरी खोदायचं म्हणत होती. त्यासाठी तिला इथल्या खाडीत धक्का हवा होता आणि जागा गावकीची होती. दिली तर घरटी एक नोकरी. नाही दिली तर कंपनी या विहिरींचा नाद सोडणार. बैठकांवर बैठका झाल्या. सकाळी ‘नको’ म्हणणारा संध्याकाळी ‘बघूया तरी’ म्हणू लागला, आणि ‘बघूया’ म्हणणाऱ्याला घरी जाऊन बायकोने फैलावर घेतलं की तो पुन्हा ‘नको’वर यायचा. शेवटी आईलाच विचारायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. उजवा कळा आधी पडला तर विहिरींना हो, डावा आधी पडला तर नाही.

महिपतला स्वतःला काय हवं होतं ते त्याला कळत नव्हतं. त्याचा रघू कंपनीच्या बोटीवर रोजंदारीला होता. विहिरी आल्या तर तो कायम होणार होता. पण ज्या दाजी तांडेलाबरोबर महिपत लहानाचा मोठा झाला, त्याची होडी वर्षभर जवळजवळ रिकामीच परतत होती. डोळे मिटून महिपत देवीकडे काहीच मागत नव्हता.

उजवा कळा सुटला आणि देवीच्या पायाशी पडला.

 मग विहिरींना सगळ्यांत मोठ्या आवाजात विरोध करणारा दाजीच पुढे झाला आणि उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणाला,

“आईनं सांगितलंन. माझं तोंड बंद झालं.”

रघूने बापाच्या पाया पडून घेतलं. महिपतची बायको काशी पदराने डोळे पुसत होती, आनंदाने की कशाने ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब लाँचने वाडीचं उत्तर ऐकायला येणार होता. महिपत सकाळी देवीला आंघोळ घालायला गेला. मागे राहिलेला कळा रात्रीतून वाळून आपोआप गळतो. हा अजून खांद्यावरच होता. त्याने तांब्याने पाणी ओतलं, तरी तो हलेना. शेवटी नखाने उचकटला तर खाली काळा ठिपका.

महिपतने आपला अंगठा उजेडात धरला. नखाच्या कडेला, कातडीच्या भेगेत डांबर होतं. कौल लावायच्या आदल्या दिवशी तो दाजीबरोबर जाळं साफ करायला बसला होता. किनाऱ्यावर सगळेच डांबराचे हात रॉकेलने धुतात. पण रॉकेलचा वास घेऊन गुरवाने गाभाऱ्यात कसं जायचं? म्हणून त्याने राख लावून काथ्याने हात घासला आणि डांबर निघालं असं तो समजला.

तो तिथेच खाली बसला. कळा डांबराने धरून ठेवला की आईने? आईनेच धरला असेल तर डांबराने का? विचारायचं तर तिलाच, आणि डाग तिच्याच अंगावर. तो उठला आणि देवळाबाहेर पडला.

दाजी किनाऱ्यावर जाळं पसरून बसला होता, बाजूला रॉकेलची बाटली. महिपतने त्याच्यासमोर अंगठा धरला.

“डावा चिकटला होता. डांबरानं.”

दाजी दचकला नाही.

“ठाऊक हाय. दारातच होतो मी. बसवताना पाकळीच्या कडेला काळं उठलेलं दिसलं.”

“मग बोलला का नाय मेल्या? तूच तर नको नको म्हणत होतास!”

दाजीने जाळ्यातला गोळा ओढून काढला आणि वाळूत टाकला.

“दमलो रे. दिवसभर नको म्हणायचं आणि सांजेला रिकामी होडी ओढायची. आईनं हो म्हटलंन, मी सुटलो. काल झोप लागली मला.”

“खोट्या कौलावर?”

“खोटा कशावरून?”

 खाडीच्या तोंडाशी लाँचची घरघर ऐकू आली. माणसं पाण्याकडे निघाली. सगळ्यांत पुढे रघू, नवा पांढरा सदरा घालून.

दाजीने चिंधीवर रॉकेल ओतलं, महिपतचा हात मांडीवर ओढून घेतला आणि अंगठा घासू लागला. लहान पोराचा काटा काढावा तसा, हळू.

“जाऊ दे हे. पोराचं कायम होतंय. मी कुठं बोलणार नाय.”

डांबर सुटून बोटावर पसरत होतं. महिपत ते बघत राहिला. मग त्याने हात मागे घेतला.

“राहू दे.”

“काय सांगणार तू त्यांना? आईनं नाय म्हटलंन असं?”

“आईनं काय म्हटलंन ते मला ठाऊक नाय. माझ्या हातून काय झालं तेवढं ठाऊक हाय.”

पंच्याला लागू नये म्हणून हात अंगापासून दूर धरून तो चालू लागला. लोकांनी त्याला वाट करून दिली. आज कौल सांगायचा मान त्याचा होता. लाँच टेकायला आली तसा रघू हसत पुढे आला आणि बापाला ओल्या दगडांवरून उतरवायला त्याने त्याचा हात धरला. पांढऱ्या बाहीला काळं लागलं.

“बाबा, हे काय?” रघूने विचारलं.