बाबांची सिस्टिम

माझ्या धाकट्या बहिणीचं कौतुक ऐकायला मला आवडत नाही. हे सरळच सांगून टाकते. ती दूरच्या शहरात राहते, अधूनमधून फोनवर चेहरा दाखवते, आणि पुढचे कित्येक दिवस बाबा घरभर 'धाकटी म्हणत होती' करत फिरतात. बाबांची औषधं मी बघते, हरवलेला चष्मा मी शोधते, डॉक्टरांशी मी भांडते. पण 'थोरली म्हणत होती' असं बाबांनी कुणाला सांगितल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

म्हणून तर हा सिस्टिमचा घाट घातला. बाबा कोर्टात टायपिस्ट होते, कळफलकाकडे न बघता टाइप करणारे. निवृत्तीनंतर हात थरथरायला लागला आणि त्यांनी टायपिंगच सोडलं. विचारलं तर म्हणायचे, "हल्लीचे कॉम्प्युटर लेकाचे फार आगाऊ. सारखं काहीतरी विचारत बसतात."

मी याच धंद्यातली. ठरवलं, बाबांसाठी ऑपरेटिंग सिस्टिमच वेगळी बांधायची. तयार आणून बसवायची नाही, थेट सोर्स कोडपासून, म्हणजे मूळ लिहिलेल्या ओळींपासून बांधायची. काही सिस्टिमचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो. कुणीही घ्यावा, हवं ते ठेवावं, नको ते काढावं आणि कोडचा चालता प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरच्या हवाली करावा. नको ते काढण्यात तर माझा हात कुणी धरू शकत नाही. खेळ काढले, सूचनांच्या घंट्या काढल्या, अपडेटची भुणभुण काढली. सेटिंग्जचं अख्खं पान काढलं, बाबांनी भलतंच काही दाबून ठेवायला नको. उरला एक कोरा कागद, मोठी अक्षरं आणि पाठवायचं बटण. कोड कंपाइल होताना कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता आणि मी मनातल्या मनात धाकटीला म्हणत होते, ये, आता हे करून दाखव.

पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले. बाबांनी 'घर' लिहिलं, पडद्यावर आलं 'घघघर'. थरथरतं बोट एकच कळ तीनदा दाबत होतं. बाबांनी चटकन हात मागे घेतला. "राहू दे गं. मला कुठे कादंबरी लिहायचीय?"

त्यांना ते राहू द्यायचं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. मी शोधाशोध केली. आमच्या जगात एकाचं दुखणं दुसऱ्या कुणीतरी आधीच भोगलेलं असतं. कळफलकाच्या कोडसाठी एक पॅच सापडला. पॅच म्हणजे चालू कोडला लावायचं ठिगळ, पण हे ठिगळ हुशार शिंप्याच्या हातचं होतं. ते आधी माणसाचा हात ओळखायचं, कुठलं बोट किती थरथरतं ते बघायचं, आणि त्यावरून मुद्दाम दाबलेली कळ ठेवून चुकून दाबलेली टाकून द्यायचं. मी ते लावलं आणि सगळं पुन्हा बांधलं. बाबा बसले. एक परिच्छेद सलग टाइप केला, कळफलकाकडे न बघता.

"वा!" ते म्हणाले. "जमलं की तुला!"

मला जमलं होतं. त्या दिवशी भाजी करपली तरी मी कुणावर ओरडले नाही.

दुसऱ्या दिवशी रीत पाळायला बसले. दुसऱ्याचा पॅच वापरला आणि तो चालला, तर लिहिणाऱ्याच्या नावाखाली 'तपासला' असं लिहून आपलं नाव टाकायचं. आमच्यात आभार मानायची हीच पद्धत. नाव टाकायला गेले तर वर लिहिणाऱ्याचं नाव होतं 'शेपूट'.

लहानपणी सारखी माझ्या मागे मागे फिरायची म्हणून धाकटीला घरात शेपूट म्हणायचे. जगात आणखी शेपटं असतील, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण कोड लिहायला तिला मीच शिकवलं होतं; प्रत्येक तुकड्याआधी दोन ओळी रिकाम्या सोडायची खोडही मीच लावलेली, आणि ती तिथे होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे कालचं ते 'वा' तिचं होतं.

मग मी जे केलं ते या धंद्यातलं शहाणं माणूस करत नाही. चांगला चालणारा पॅच उपटून काढला आणि त्या जागी स्वतःचा लिहिला. बाबांच्या सिस्टिममध्ये तिची एक ओळसुद्धा नको. हात ओळखण्याची कलाकुसर मला काही साधेना, म्हणून सरसकट नियम केला: तीच कळ लगेच पुन्हा आली तर गिळून टाकायची. बांधलं, आणि बाबांना न सांगता बसवून दिलं.

संध्याकाळी हाक आली. "अगं, इकडे ये. जजसाहेबांचं काय केलंस हे?"

बाबा जुन्या आठवणी लिहीत होते. पानभर जिथे तिथे 'जसाहेब'.

"काल तर चांगलं होतं," बाबा म्हणाले. "कुणी हात लावला?"

"मीच."

"कशाला?"

"कारण कालचं तुमच्या लाडकीचं होतं! तुम्हाला माहीत होतं ना?"

"तूच ते घेतलंयस हे नव्हतं माहीत. पण ती करतेय हे माहीत होतं. तू ऑफिसला गेलीस की दुपारी फोन लावायची. मी टाइप करायचो, ती हात बघून थरथर मोजायची. तुला सांगू नकोस म्हणून मीच तिला बजावलं होतं."

माझ्या घरात, माझ्या पाठीमागे! "मी रोज तुमच्या समोर असते बाबा. मला हात दाखवला नाहीत, आणि तिला दाखवलात?"

"तुला कसा दाखवू?" बाबांचा आवाज चढला. "चमचा जरा हलला तर तू भरवायला बसलीस. दाढी करताना कापलं तर रेझर उचलून ठेवलंस. गॅसला हात लावायचा नाही, एकट्याने जिना उतरायचा नाही. आता यातली सेटिंग्जसुद्धा काढलीस. तिला हात दाखवला तर ती मोजते. तुला दाखवला की तू काहीतरी काढून घेतेस."

कापलं तेव्हा रक्त कुणी पुसलं, ती मोजणारी तेव्हा कुठे होती, हे मला विचारायचं होतं. तोंड उघडलं तर रडूच यायला लागलं, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

सुट्टीच्या दिवशी पुन्हा बांधायला बसले. माझं ठिगळ काढलं, तिचं लावलं. सेटिंग्जचं पान परत घालायला घेतलं. काढणं सोपं असतं हो, परत घालताना जीव मेटाकुटीला येतो. ते पान ज्याच्या ज्याच्या आधारावर उभं होतं ते सगळं आधी आणावं लागलं, आणि दर वेळी आणखी काहीतरी राहिल्याची एरर येतच होती. शेवटी एकदाचं बांधून झालं. मग शेपटाच्या नावाखाली माझं नाव टाकलं, 'तपासला', आणि तिला पाठवलं. आता मागे मागे मी.

तिचं उत्तर लगेच आलं. "ताई!! आवडला??"

"ठीक आहे," मी लिहिलं. याहून जास्त लिहायला माझी बोटं तयार नव्हती. पॅच फार सुंदर होता, आणि म्हणूनच माझी जळजळ काही कमी होत नव्हती.

बाबा टाइप करायला बसले. मी खुर्ची ओढून त्यांना चिकटून बसले. त्यांनी आधी सेटिंग्ज उघडली आणि मी एवढी निवडून मोठी केलेली अक्षरं चांगली बारीक करून टाकली. मग पत्र लिहायला घेतलं. वर नाव धाकटीचं.

"मी इथे बसलेय," मी म्हणाले. "मला लिहा की काहीतरी."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तिचं नाव खोडून माझं घातलं. उजवा हात माझ्या नाकासमोर चांगलाच थरथरत होता, पण पडद्यावर अक्षरं एकेकच उमटत गेली.

'जरा लांब बस.'

मी खुर्ची मागे सरकवली. बाबा लिहीतच राहिले, आणि इतक्या लांबून मला त्यातलं एक अक्षरही वाचता येईना.